संकल्पातली बदकं

अर्जेंटिनातल्या पाणथळींमधली बदकांची शिकार मी बनारसमध्ये, दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घरी बसून आखत होते. बंदूक माझ्या हाती येणार नव्हती. स्थानिक शिकारी बदकं मारणार आणि ती थंड होण्याआधी मी त्यांच्या घशातून विषाणूंचे नमुने घेणार, अशी योजना होती. मोहिमेच्या तुकडीतली शेवटची जागा मला मिळाली ती माझ्या एका सूचनेमुळे: शिकारी ज्या जातीकडे ढुंकूनही पाहत नाहीत, तिचीही काही बदकं तुलनेसाठी मारावीत. अंतिम होकार त्या संध्याकाळपर्यंत कळवायचा होता.

दूरच्या प्रवासाचं ठरलं, की बाबा देवापुढे संकल्प सोडतात. ते वैदिक; देश, काळ आणि हेतू यांच्या उच्चारात त्यांना ढिलाई चालत नाही. त्या दिवशी बाबा अहिल्याबाई घाटावरून स्नान करून आले, ताम्हन पुढे ओढलं आणि तळहातावर पळीभर पाणी घेतलं.

"हं, हेतू सांग. नुसतं पक्षी-अध्ययन नको."

मी योजना सांगितली.

"म्हणजे तू मारणार नाहीस."

"नाही. ते तसेही मारतातच, बाबा."

"खाटकापुढचं गिऱ्हाईकही हेच म्हणतं, बेटा."

"मी मेलेल्या पक्ष्याचा उपयोग करतेय."

"एकही तुझ्यासाठी मरणार नाही?"

त्यांचा हात तसाच होता. बोटांच्या फटींतून पाणी ताम्हनात ठिबकत होतं. उत्तर मला ठाऊक होतं. त्या उत्तरावरच माझी निवड झाली होती.

"थांबा," म्हणून मी आत गेले आणि मोहीमप्रमुखांना फोन लावला. ती एक जात जाळ्यात पकडू, नमुने घेऊन सोडून देऊ, असं सुचवलं. पलीकडून ते म्हणाले,

"माणसं वाढतील, दिवस वाढतील. तुझी जागा आता पक्की धरू नकोस. बाकीच्यांना विचारून कळवतो."

बाहेर आले तेव्हा बाबांनी नवं पाणी घेतलं होतं.

"बोल."

"इतरांनी मारलेल्या बदकांची तपासणी. आणि काही जिवंत पकडून, तपासून सोडणं. पण जाणं अजून नक्की नाही."

"नसू दे. संकल्पात बदकाला 'कादंब' म्हणतो."

"जात वेगळी आहे, बाबा."

"देव काय तुझ्यासारखा जाती तपासत बसलाय?"

त्यांनी पाणी सोडलं. मी फोनचा आवाज वाढवला आणि तो हातात धरून तिथेच बसले.