भावजयीचं माहेर

"निपाणी लिही म्हणतो ना!"

"खोटं हाय ते, आण्णा."

"खोटं कसं? तीन वर्सं साऱ्या विट्याला आपण तेच सांगतोय. वहिनी तुझी निपाणीकडची हाय, म्हणून बोलती तोडकं. आता तुझ्या कागदापायी पोलीस आळीत चौकशी करत फिरला, की भावकी तोंडात शेण घालंल."

नाथाजींचा आवाज चढला तशी त्यांच्या लेकीने, क्षमाने, फॉर्मवरची बोटं आणखी घट्ट दाबली. विट्यात पोरगा मिसरूड फुटायच्या आत सोनं गाळायला परमुलखात जायचा आणि पोरगी अशाच एखाद्या गलाईवाल्याच्या घरात पडायची. क्षमाने मात्र तीन स्थळं परतवून सांगलीच्या आयटीआयमध्ये नकाशे काढायला शिकून घेतलं होतं. वर्गात ती एकटीच मुलगी. आता, शहाण्णव साली, पुण्याला संरक्षण खात्यात तिची निवड झाली होती. राहिली होती फक्त पोलीस तपासणी.

तपासणीच्या फॉर्ममध्ये विचारलं होतं : नातेवाइकांत कोणी परदेशी आहे का? क्षमाने पेन्सिलीने बिनदिक्कत 'नाही' लिहिलं होतं. फॉर्मवर साक्षांकनाची सही करणाऱ्या कचेरीतल्या साहेबांनी सहज विचारलं होतं, "भाऊ कुठं असतो?"

"काठमांडूला. गलाईचं दुकान आहे."

"आणि भावजय?"

"तिकडचीच. लग्नापासून इथं आमच्यात असते."

"मग काठमांडू काय खानापूर तालुक्यात येतं का, बाई? माहिती लपवली तर नोकरी जाते. पेन्सिल होती म्हणून वाचलात."

घरी हे ऐकून नाथाजी उसळले होते. "नेपाळ कवापासनं परदेश झाला? ना पासपोर्ट, ना काय. आपल्या लोकांस्नी जसं केरळ, तसं काठमांडू!"

"आपल्याला, आण्णा. सरकारला न्हाई."

निपाणीवरून हुज्जत चाललेली, एवढ्यात स्वयंपाकघरातून भावजय बाहेर आली. लग्नात ताटातल्या तांदळांवर क्षमाच्या भावाने, कृष्णातने, अंगठीने 'सई' लिहिलं, त्या दिवसापासून तिचं जुनं नाव या घरात कोणी उच्चारलं नव्हतं.

"लिहा, वन्सं," ती म्हणाली. "सानुमाया शाक्य. गाव भक्तपूर. बाप सोनार."

"तू आत जा गं!"

"जाते, मामंजी. पण निपाणी मी बघितली पण न्हाई. कुणी विचारलं तर सांगू काय? देऊळ कुठं, बाजार कुठं?"

क्षमाने पेनचं टोपण काढलं. 'नाही' खोडून 'होय' लिहिलं. खाली नाव, गाव, राष्ट्रीयत्व. अक्षर नकाशावरच्यासारखं, सरळ, सुटं. "लग्नाआधीचा पत्ता सांगा, वहिनी." सईने सांगितला. तोही लिहिला.

"हे वाचून तुला घेतील व्हय गं?" नाथाजींचा आवाज आता खाली आला होता. "वर गावात बी छी थू. नोकरी बी गेली आन् अब्रू बी, तर मी कुणाच्या दारात जाऊ?"

क्षमाने शाई वाळेस्तोवर फुंकर घातली. कागद फायलीत सरकवला, वहिनीच्या खांद्याला हात लावला, पायात चपला अडकवल्या आणि ती साहेबांच्या सहीसाठी स्टँडच्या वाटेला लागली.