मोकळं स्टेअरिंग

डिंभ्याला एसटी मनात येईल तेव्हा यायची. नाही आली की लोक भगवंतच्या जीपची वाट बघायचे. लिलावात घेतलेली, ताडपत्रीच्या छपराची जुनी जीप. सकाळी घोडेगाव, दुपारी पोखरीचा घाट, परत डिंभे. माणसं, मासळीच्या पाट्या, कधी एखादी शेळी. भगवंत बोलायला कमी आणि झोपेला कायम उपाशी.

जीप झिजत गेली तसा तो तिच्याशी जुळवून घेत गेला. उतारावर दुसरा गिअर सुटायचा, म्हणून डाव्या हातानं दांडा दाबून धरायचा. स्टेअरिंग उजव्या हातानं एकट्यानं ओढायचं, तेही आधीपासून, कारण पाव फेरा फिरवला तरी चाकाला त्याचा पत्ता नसायचा. संध्याकाळी खांदा इतका भरून यायचा की बायको, गोजरबाई, सदरा काढायला मदत करायची. गाडी थांबवून काम काढावं, एवढं त्राण त्याच्यात उरत नव्हतं.

नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात घाट उतरताना वळणावर समोरून ट्रक आला. स्टेअरिंगला दोन्ही हात लागले, दांडा सुटला आणि गिअर निसटला. जीप मोकाट धावली. भगवंत ब्रेकवर अक्षरशः उभा राहिला. पुढचं चाक कठड्याच्या दगडाला टेकून थांबलं. कुणाला काही लागलं नाही. मागच्या बाजूला सुकी मासळी विकून परतणारी म्हातारी अंबाबाई बसली होती. ती पाटी घेऊन खाली उतरली.

"आक्का, बस की. आता हळू नेतो."

"भगवंता, तुझ्यावर राग न्हाई रं. पन मी चालत जाते."

एवढी वर्षं ती त्याच्याच जीपनं येत होती. घरी आल्यावर भगवंत सीटवरच बसून राहिला. गोजरबाईनं पाणी आणलं.

"अवं, उतरा की."

"उतरतो," म्हणाला, पण बराच वेळ उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं जीप जांभळीखाली लावली, पोतं अंथरून खाली शिरला आणि गोजरबाईला स्टेअरिंगवर बसवलं.

"फिरव डावीकडं."

"फिरवते की."

"अगं, फिरव म्हनतो ना!"

"कवाची फिरवतेय!"

वर स्टेअरिंग फिरत होतं आणि खाली चाकांना जोडणाऱ्या रॉडचे सांधे नुसतेच आपल्या जागी खुळखुळत होते. खूप उशिरा पुढचं चाक जरासं हललं. भगवंतनं हे खालून कधी पाहिलंच नव्हतं. ह्याच सांध्यांवर आपण गावातली पोरंबाळं घाटातून आणत होतो, हे त्याला पोत्यावर पडल्या पडल्या कळलं. गोजरबाईनं वाकून विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाई. दमलो."

गिअरवरचं झाकण उघडलं. गिअर अडवून धरणारी स्प्रिंग तुटलेली, तिच्यापुढची गोळी एका अंगानं चपटी झालेली. सगळे भाग पिशवीत घालून तो मंचरला पारसच्या स्पेअरच्या दुकानात गेला. पारसनं काउंटरवर एकेक मांडून पाहिलं.

"भगवंतभाऊ, ह्यावर गाडी चालत होती?"

"मी चालवत व्हतो."

नवे सांधे, त्यांतले बुश, स्प्रिंग आणि गोळी पारसनं कागदात बांधून दिली. बसवायला भगवंतला फार वेळ लागला. खांदा वर उचलेना, पाना निसटे. नट आवळायला गोजरबाईनं हात लावला तेव्हा कुठं काम तडीस गेलं.

पण पहिल्याच फेरीला जीप करवंदीच्या जाळीत शिरली. रिकामीच होती म्हणून बरं. भगवंतनं नेहमीएवढं स्टेअरिंग फिरवलं होतं. आता ते ऐकत होतं. गिअर जागचा हलत नव्हता, तरी डावा हात दांड्यावरच दाबलेला. बोचऱ्या फांद्यांत बसून त्याला रडू आल्यासारखं झालं. एवढं करूनही पुन्हा शिकायचं?

मग तो रोज सकाळी जीप गावाजवळच्या धरणात उतरवू लागला. पाणी आटून भेगाळलेलं सपाट मैदान पडलं होतं. तिथं तो संथ वळणं घ्यायचा, थांबायचा, पुन्हा घ्यायचा. डावा हात आपसूक दांड्याकडं गेला की स्वतःवरच चिडायचा. काठावर जाळं सोडवत बसलेली अंबाबाई हे बघायची. एक दिवस ती चालत जीपपाशी आली.

"जमाया लागलं का रं?"

"गाडीला जमलंय. मला अजून येळ लागंल."

"मग घाटात सध्या जाऊ नगं."

तो गेला नाही. त्या पूर्ण पावसाळ्यात त्यानं फक्त घोडेगावची सकाळची फेरी केली. लोक कुरकुरले, काहींनी दुसरी जीप धरली. अंबाबाई मात्र पाटी घेऊन पुढच्या सीटवर बसायची. दुपारी भगवंत घरी यायचा, जेवायचा आणि दिवसाढवळ्या गाढ झोपायचा. गोजरबाई त्याला उठवायची नाही.