स्टीअरिंगची खांदशेकणी
तूप-हळदीचा कोमट वास आला की दिग्रसचं आमचं अंगण आठवतं. माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारचं लाकडी स्टीअरिंग मी भेगा बुजवून, घासून रेशमासारखं केलं होतं. फक्त पॉलिश राहिलं होतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा कोमट तूप-हळदीनं बैलांचे जू वाहिलेले खांदे शेकत होते. मी हात धुऊन आलो, तर पळसाच्या पानानं तीच तूप-हळद ते स्टीअरिंगला हळुवार चोळत होते. मी ओरडलो, "बाबा, आता याच्यावर पॉलिश नाही बसत!" ते म्हणाले, "गाडी याच्याच जोरावर वळते ना? मग याचाच खांदा काहून राहू देऊ?" पॉलिश तिथं खरंच बसलं नाही. आता बाबा नाहीत. वळणावर माझे तळहात आपोआप त्या पिवळ्या डागांवर जातात, आणि गाडी ओळखीच्या बैलासारखी निमूट वळते.