ठमीचे पाय, हिराताईचे पाय

फोन आला तेव्हा मी ठमीचे मागचे पाय कोमट पाण्याच्या कापसाने पुसत होते. ठमी म्हणजे खार. माझ्या थोरल्या नणंदेची, हिराताईची. ताई हॉस्पिटलात गेल्यापासून ती आमच्याकडे पालघरला होती, मी काही हौसेने आणलेली नव्हती. मुठीत मावेल एवढा जीव, कमरेखाली लुळा. पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत घरभर फिरायची, आणि पुसून, कोरडं करून मलम लावलं नाही की मागच्या पायांची कातडी सोलवटायची. फोनवर हे होते. "गेली गं," एवढंच म्हणाले. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि ठमीचा उरलेला पाय पुसला. कुणाला हे निष्ठुर वाटेल, तर वाटू दे. ओला पाय तसाच सोडला असता तर हिराताईने मला वरूनही सोडलं नसतं.

हिराताई किनाऱ्यावरच्या नवापूरची. बोंबील, सुकट, वाकट्या यांच्यातच वाढलेली. मी मनोरकडच्या शेतकरी घरातून सून म्हणून त्या घरात गेले, तेव्हा ओला बोंबील माझ्या हातातून निसटून निसटून चुलीपाशी जायचा आणि ही बाई पोट धरून हसायची. आमचं कधी गोडीगुलाबीचं नव्हतं. ती बोलायची, मीही ऐकून घ्यायची नाही. पण माझ्या बाळंतपणात उशापायथ्याला तीच बसली होती, आणि ते मी विसरलेले नाही. तिचं लग्न कुंभवलीत झालं. नवरा कारखान्यात कामाला, मूलबाळ झालं नाही, आणि एका वर्षी नवराही गेला. आमच्याकडे ये म्हणून आम्ही किती विनवण्या केल्या... नाही म्हणजे नाही. दोन खोल्या, वर गच्ची, दारात बदामाचं झाड. त्यातच राहिली.

त्या बदामाच्या फांद्या विजेच्या तारांना लागतात म्हणून एकदा छाटल्या, तेव्हा खारीचं घरटं खाली आलं. बाकीची पिल्लं कावळ्यांनी नेली. ही एक उरली, डोळेसुद्धा न उघडलेली. हिराताईने तिला जुन्या झंपरात गुंडाळलं आणि ड्रॉपरने गाईचं दूध पाजलं. जरा मोठी झाल्यावर आपल्या बशीतलं चहात बुडवलेलं बिस्कीट द्यायला लागली. खिडक्या कायम बंद. संध्याकाळी कारखान्यांकडून तो उग्र वास आला की त्या भागात सगळेच खिडक्या लावून घेतात, त्यात हिला मांजराची धास्ती. ठमी गुटगुटीत झाली, पडद्यावर चढायला लागली, ताईच्या खांद्यावरून उतरेना. आणि एका सकाळी पडद्यावरून खाली पडली ती उठलीच नाही.

जनावरांच्या डॉक्टरांकडे मीच सोबत गेले होते. हाडं पार ठिसूळ झालीत, ते म्हणाले. दूध-बिस्किटावर खार जगते, पण तिची हाडं भरत नाहीत, आणि बंद काचेमागचं ऊन हे तिच्यासाठी ऊनच नव्हे. भाजीपाला द्या, दोडका द्या, कॅल्शियमचे थेंब द्या, रोज सकाळचं उघडं ऊन द्या. पाय घासून जखम होईल आणि तिला कळणारही नाही, म्हणून रोज उलटी करून तळवे बघा. चालायला लागली तर झाडावर सोडून द्या, ही पाळायची जात नाही. हिराताईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "पन चढंल ना ती?" सांगता येत नाही, ते म्हणाले.

त्या दिवसापासून बाईला दुसरं काही सुचेना. ठमी बदामावर चढली पाहिजे, बस. माझी चूक मीच निस्तरणार, म्हणायची. नवापूरच्या किनाऱ्यावरून माकुळाच्या पाठीतलं ते पांढरं हाड, समुद्रफेस म्हणतात तो, गोळा करून आणायची. ठमी तो पुढच्या पायांत धरून कुरतडत बसायची. आणि रोज सकाळी तिला ओटीत घेऊन गच्चीवर. तिथे एका बाजूला ताईची सुकट वाळत असायची. नवापूरला मासळी वाळवायच्या खळ्यात चपला घालून कुणी पाऊल टाकत नाही. लोकांच्या पोटात जायची वस्तू, तिथे वहाण कशी न्यायची? हिराताईसाठी ती गच्चीही खळंच होती. जिन्याच्या तोंडाशी चपला काढायच्या, मग वर पाय.

आता हे सांगायला हवं की हिराताईला साखर होती, जुनी. पायांना मुंग्या यायच्या आणि पुढेपुढे त्याही येईनाशा झाल्या, तेव्हा तिला वाटलं, बरं वाटतंय. तिच्या डॉक्टरांनीही तिला हेच बजावलं होतं, रोज तळवे बघा, अनवाणी फिरू नका. ह्यांनी मऊ तळव्याच्या निळ्या चपला आणून दिल्या होत्या. ती घालायची, अगदी भक्तिभावाने, गच्चीच्या दारापर्यंत.

त्या दिवशी उन्हाळा ऐन भरात होता. सिलेंडरची गाडी यायची होती म्हणून ती सकाळभर खाली थांबली आणि वर जायला दुपार झाली. एक दिवस ऊन चुकवलं असतं तर काय बिघडलं असतं? पण आदल्या दिवशी ठमीचा डावा पाय हलल्यासारखा तिला वाटला होता. ठमीच्या पायांवर ऊन आणि डोक्यावर पदराची सावली धरून ती स्लॅबवर उभी राहिली. ठमीला झळसुद्धा लागू दिली नाही. तिचे स्वतःचे तळवे मात्र खाली भाजत होते आणि तिला पत्ता नव्हता.

दोनेक आठवड्यांनी मी गेले तर घरात वास. मला वाटलं, मासळी बिघडली. मग तिच्या पायाला गुंडाळलेलं फडकं दिसलं. सोड म्हटलं तर सोडेना. ठमीला मांडीवर उलटी घेऊन, चष्मा नाकावर ओढून, तिचे तांदळाएवढे तळवे एकेक बोटाने उघडून बघत होती आणि मला म्हणते, "दुखत नाय ना, मंग काय बगायचा?"

मी तिला नाही नाही ते बोलले. बोलले याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. राग आला होता, अजून येतो. भांडी घासताना येतो, देवापुढे हात जोडताना येतो. त्या चिमुकल्या जनावराची जखम तिला दिसत होती, स्वतःचा पाय कुजतोय हे दिसत नव्हतं. कशी गं तू अशी... आधी अंगठा काढला, मग पाऊल, मग गुडघ्याखालून पाय. विष तरीही वर चढत गेलं.

शेवटची भेटले तेव्हा तिला नीट शुद्ध होती. चादरीखाली एका बाजूला सपाट होतं, तिकडे आम्ही दोघींनी पाहिलं नाही. ठमी पाय हलवते का, तिने विचारलं. खोटं बोलावंसं वाटलं, पण तिच्यापुढे ते टिकलं नसतं. नाही म्हटलं. ती म्हणाली, "ऊन दे तिला. चुकवू नको." त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर आम्ही कुंभवलीची खोली आवरायला गेलो. सुकट मुंग्यांनी खाल्ली होती. कपाटात, भांड्यांत, कुठेच मला रडू आलं नाही. गच्चीच्या दाराशी त्या निळ्या चपला होत्या, भिंतीला लावून, टाचा जुळवून ठेवलेल्या. तळवे जवळजवळ कोरे. मी त्या पायात घातल्या आणि तशीच तिच्या खळ्यात गेले, मधोमध उभी राहिले आणि मग रडले. काय करायचं ते करू दे त्या खळ्याच्या देवाला.

ठमी आहे अजून. चढत नाही, चढणारही नाही, डॉक्टरांनी आता स्पष्टच सांगितलंय. रोज सकाळी मी तिला आमच्या गच्चीवर नेते, समुद्रफेस देते, खाली आणून उलटी करते आणि मागचे तळवे बघते. मग कापूस टाकून हात धुते आणि ह्यांना हाक मारते. भावाबहिणीचं रक्त एक, साखरही एकच. हे खाटेवर बसतात, कुरकुर करत पाय पुढे करतात, आणि रोज तेच म्हणतात, अगदी तिच्या सुरात, "अगं, दुखत नाय काय." मी चष्मा लावते आणि म्हणते, म्हणूनच दाखवा.