पडीक शेतातली एक ओळ

वर्षभर शेत पडीक ठेवलं तर सरकार अनुदान देणार होतं. पण चाळीस वर्षं पेरणी केलेले आमच्या काकांचे हात गप्प बसतात होय? गवताआड त्यांनी घेवड्याची एक ओळ लावलीच. आज तपासनीस आले. घेवडा सापडला तर अनुदान बुडणार, वर दंड.

"तोंड उघडू नका," काकूंनी बजावलं होतं, "आणि हातही मागे बांधा."

साहेबांना गवताखेरीज काही दिसलं नाही. त्यांनी सहीसाठी पेन काढलं. काकांचा जीव भांड्यात पडला आणि सवयीने वाकून त्यांनी पायाशी आलेलं तण उपटलं. मग दुसरं, मग तिसरं.

"काका, पडीक रानात खुरपणी कसली करताय?" साहेबांनी विचारलं.

काकांनी खाली पाहिलं. घेवड्याची कोवळी ओळ लख्ख उघडी पडली होती.