तेलाची चिंधी

नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाण्यात, आसली आमची रीत. पण इथं सांगून टाकते. आमच्या ह्यांचं नाव आकाराम. गाव समदं सुभेदार म्हणतं. फौजेतनं पेन्शनीत आलं तवापासनं ह्यांना गप बसायचं म्हाईत न्हाई. कराडच्या अलीकडं आमचं गाव, उसाचं रान. ऊस काय, बारा म्हैनं माणसाला राबवतो. तरी ह्यांचा जीव रानात न्हाई, बाणात.

शाळेच्या मैदानावर पोरी तिरंदाजी शिकत्यात, त्यात आमची नात प्रांजल. इकतचं बाण म्हाग, आन् नवशिकी पोरगी येक मारती न् दोन मोडती. म्हणून ह्यांनी लाकडाचं बाण करायला घेतलं. एमआयडीसीत यंत्रांची खोकी येत्यात, त्यांच्या फळ्या आणायच्या, चिरायच्या, रंधा मारून गोल करायच्या, पॉलिश पेपरनं घासायच्या. मग त्या काडीला अळशीचं तेल. तेल न्हाई दिलं तर लाकूड पाणी पितं, वाकतं, न् बाण कुठंबी जातो. चिंधीवर तेल घ्यायचं, काडी चोळायची, मुरू द्यायचं, वर ऱ्हायलेलं दुसऱ्या चिंधीनं पुसायचं, परत तेल. समदं मुरून वाळलं की मग कोंबड्याची पिसं चिकटवायची. माझी जुनी लुगडी, ह्यांच्या बनेली, परकर, समदं त्या तेलात गेलं. "आवं, आता अंगावरचं तेवढं ठेवा," आसं मी म्हणायची, न् ह्ये हसायचं.

ह्ये बसायचं मनुबाईच्या गोठ्याच्या सावलीला. मनुबाई आमची शेजारीण, दोन घरांच्या मधी नुसता येक बोळ. गोठ्याच्या मेढीच्या खांबाला ह्यांनी येक पोतं आडकवलेलं, वापरलेल्या चिंध्या त्यात कोंबायच्या. आत मनुबाईची म्हैस, म्हशीची रेडी चंद्री, आन् त्याच मेढीला लागून वैरण रचलेली.

आता दादासोचं सांगते. दादासो धनगर, आटपाडीकडचा. ऊस तुटला की मेंढरं घिऊन यायचा न् आमच्या रानात बसवायचा. मेंढरं रात रात रानात बसली की लेंड्यांनी जमीन आशी सुधारती की दुसरं खत नको. पण आमचं त्याचं नुसतं खताचं नातं न्हवतं. ह्ये फौजेत व्हतं तवा रान मी येकटीच बघायची. बांधावरनं भांडाय येणारी भावकी दादासोला बघून माघारी फिरायची. माझ्या चुलीपाशी बसून भाकरी खाणारा माणूस त्यो. मला वैनी म्हणायचा.

त्या दिवशी ऊन लय व्हतं. ह्यांनी बाणांना तेल लावलं, चिंध्या पोत्यात कोंबल्या न् मैदानावर गेलं. मागनं दादासो मनुबाईकडं पाणी प्यायला आला, गोठ्याच्या सावलीला टेकला, बिडी वढली न् मेंढरांकडं गेला. दिस कलताना गोठा पेटला. म्हैस दावं तोडून भाईर आली. चंद्री साखळीला व्हती. तिचं वरडणं मी आयकलंय, त्यावर जास्ती बोलत न्हाई.

आग इझंपतोर गाव गोळा झालं. बिडी वढताना दादासोला दोघातिघांनी बघितलेलं. झालं. मनुबाईचा ल्योक वीरधवल रानात गेला, त्याला धरून घिऊन आला, न् समद्यांच्या म्होरं त्याच्या कानफटात मारली. ह्ये तिथंच हुबं. ह्यांनी वीरधवलला बाजूला वढलं खरं, पण मग काय इचारलं ठावं हाय? "खरं सांग दादासो. बिडी कुठं टाकलीस?"

"इझवली सुभेदार. चपलंखाली चिरडून इझवली," दादासो म्हणला. ह्ये नुसतं बघत ऱ्हायलं. तसा त्यो खाली बघून म्हणला, "इझवलीच आसंल की."

त्याच सांजंला त्यानं बिऱ्हाड घोड्यावर घातलं न् मेंढरं घिऊन गेला. माझ्या घराम्होरनं गेला, पण मान वर केली न्हाई.

पुढं वैशाखात ह्यांनी परत तेलाची बाटली काढली. मनुबाईचा गोठा तर ऱ्हायला न्हवता, म्हणून आमच्याच अंगणात बसलं. चिंध्या घमेल्यात टाकल्या, वर पोतं झाकलं, न् जेवाय आत आलं. जेवून, येक डुलकी काढून उठतोय तर मला वास आला, खवट तेल करपल्यावानी. भाईर येऊन बघती तर घमेल्यातनं धूर. काडी न्हाई, बिडी न्हाई, चूल तर पार मागल्या दारी. ह्यांनी पोतं उचललं तसा चिंध्यांत लाल इंगळ दिसला. मी पाण्याची बादली वतली. ह्ये तिथंच उकिडवं बसलं न् त्या काळ्या लगद्याकडं बघत ऱ्हायलं.

"काय झालं?" म्हटलं.

"काय न्हाई," म्हणलं.

मी अडाणी आसंल, आंधळी न्हाई. त्या दिसापासनं माणूस ताटावर बसायचा न् भाकरी मोडून तशीच ठेवायचा. खाईल त्याला खवखवतं म्हणत्यात ते काय खोटं न्हाई. शेवटी मी ताट वढून घेतलं न् म्हटलं, बोला.

"सुले, त्यो गोठा मी पेटवला," ह्ये म्हणलं. "तेल वाळताना चिंधी तापती. कोंबून ठेवली की पेटती. चंद्रीला मी मारलं. आन् मार खाल्ला दादासोनं."

चोर सोडून संन्याशाला फाशी. म्या म्हटलं, मग उठा, मनुबाईकडं चला. तर पाय उचलंना. आज नको, उद्या. उद्या वीरधवल घरी न्हाई. परवा अमावस्या हाय. सरहद्दीवर गोळीला छाती दिलेला माणूस, न् बोळ वलांडून शेजारणीच्या उंबऱ्यापतोर जाईना. मी लय बोलले. नको नको ते बोलले. तवा कुठं गेलं.

मनुबाईनं समदं आयकून घेतलं न् डोळ्याला पदर लावला. "सुभेदार, लय मोठं मन तुमचं," ती म्हणली. "गरिबावरचा बोल आपल्या अंगावर घेताय. पण चिंधी आपसूक पेटती व्हय?" वीरधवल तर ह्यांच्या पाया पडला. सांजंपतोर गावभर झालं. पारावरची माणसं म्हणली, माणूस असावा तर सुभेदारासारखा. ह्ये घरी आलं न् भिताडाकडं तोंड करून पडलं. शिव्या घातल्या आसत्या तर माणूस जेवला आसता. त्या कौतुकानं पार खचला.

"आता दादासोकडं जायचं," मी म्हटलं. पिशवीत तेलाची बाटली घेतली, चिंध्या घेतल्या, न् आमी दोघांनी आटपाडीची यष्टी धरली. माझ्या मनात व्हतं, त्यो भला माणूस हाय, रागंल, बोलंल, मग चहा पाजंल न् समदं मिटंल.

दादासो दारातल्या लिंबाखाली बसलेला. वाळला व्हता. ह्यांना बघून हुबा ऱ्हायला, हात जोडलं. त्याची बायको राहीबाई पाणी घिऊन आली. ह्यांनी बसल्या बसल्या सांगायला घेतलं, चिंध्यांचं, तेलाचं, घमेल्याचं. दादासोनं मधीच थांबवलं.

"सुभेदार, माझं पाप तुमी कशाला घेताय?" म्हणला. "मला वाटायचं इझवली. पण येवढी माणसं म्हणत्यात, तुमी बी इचारलं, मंजी न्हाईच इझवली आसंल. म्या बिडी सोडली. बिरोबाला सांगून सोडली." मग त्यानं कुडाकडं बोट केलं. तिथं येक शेळी बांधलेली, पयल्या वेताची. "ती मनुबाईला द्यायची म्हणून राखलीया. रेडीची बरोबरी न्हाई व्हायची, पण माझ्या हातात तेवढंच हाय."

ज्यानं काय केलं न्हाई, त्यो माणूस आमच्या गुन्ह्याची फेड म्हणून शेळी राखत बसलेला.

ह्ये उठलं. बाटली काढली, चिंध्या तेलात भिजवून पिळल्या, येका पत्र्याच्या डब्यात कोंबल्या, वर फाटकं पोतं घातलं न् डबा उन्हात ठेवला. "बसू," म्हणलं. आमी चौघं लिंबाखाली बसलो. राहीबाईनं चहा केला, त्यो झाला. दादासो मधनंच म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या सुभेदार, लांब जायचंय तुमास्नी." ह्ये डब्यावरची नजर काढत न्हवतं. मला तर भ्या वाटाय लागलं, की आता नेमकं न्हाई पेटलं तर ह्यो माणूस जलमभर शेळ्या राखत बसंल.

सावली सरकली तसा वास आला. मग धूर. ह्यांनी पोतं काठीनं उचललं न् आत लाल झालं. दादासो जवळ गेला, वाकून बघितलं. डब्याच्या भवतीनं येक फेरी मारली. कुठनं कुणी काडी लावली का, ते बघत आसंल.

"मंजी चंद्रीला म्या न्हाई मारलं," त्यो म्हणला. राहीबाईकडं वळून परत म्हणला, "आगं, म्या न्हाई मारलं." आन् खाली बसून रडला. आमी दोघंबी रडलो. मला वाटलं, सुटलो.

डोळं पुसून दादासो ह्यांना म्हणला, "वीरधवलच्या चापटीचं काय न्हाई. तरणं पोर, जनावर जळालं त्याचं. पण सुभेदार, तुमी इचारलं. दुसरं कुणी इचारलं आसतं तर मी सांगितलं आसतं, न्हाई टाकली म्हंजी न्हाई टाकली. तुमी इचारल्यावर माझा माझ्यावरच इस्वास ऱ्हायला न्हाई."

ह्यांनी मोकळी बाटली पिशवीत घातली. निघताना त्यानं यष्टीपतोर सोडलं, राम राम केला. जेवून जावा म्हणला न्हाई.

गावात येऊन ह्यांनी मनुबाईच्या अंगणात समद्यांम्होरं परत डबा पेटवून दावला. त्यावेळी कुणी मोठं मन म्हणलं न्हाई. मनुबाई काय दिस बोलली न्हाई, मग बोलाय लागली. आमच्या म्हशीची रेडी आमी तिच्या दारात बांधली. वीरधवल सोता आटपाडीला जाऊन दादासोचं पाय धरून आला. बाण ह्ये आजबी करत्यात, पोरींस्नी लागत्यात. आता तेलाची येक येक चिंधी दोरीवर मोकळी वाळत घालत्यात. मी ह्यांना म्हटलं, वर ऱ्हायलेलं तेल पुसता येतं, मुरलेलं न्हाई. ह्ये म्हणलं, ठावं हाय.

औंदा ऊस तुटला न् दादासोची मेंढरं आली. मनुबाईच्या रानात बसली. तिचं न् आमचं रान शेजारी, मधी येक बांध. ह्ये रोज सांजंला बांधापतोर जात्यात, राम राम घालत्यात. त्योबी घालतो. चहाला ये म्हटलं की म्हणतो, "यायला पायजे व्हतं सुभेदार, पण मेंढरं येकटी हायती." आन् मेंढरांपाशी राहीबाई बसलेली आमास्नी दोघांनाबी दिसत आसती.