बॉनेटवरची तळहाताएवढी जागा

सासऱ्यांची गाडी पांढरी आहे, असं आम्ही घरातले सगळे सवयीनं म्हणत होतो. मी ती नीट बघितली तेव्हा ती खडूच्या रंगाची झालेली होती. टपावर हात फिरवला की बोटांना भुकटी लागायची. पंधरा वर्षं झाल्यावर तिचं पुन्हा पासिंग करून घेतलं, इंजिन ठणठणीत निघालं, आणि त्याच दिवशी नवऱ्यानं रंगाचा विषय काढला. पेंटरकडे टाकू आणि पूर्ण गाडीला रंग मारून घेऊ, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, आधी मला घासून बघू दे.

मी वसई पूर्वेला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. माल पास करायचा की परत पाठवायचा हे ठरवण्यात माझा दिवस जातो, त्यामुळे घरी आल्यावरही कशावर पटकन विश्वास ठेवायची सवय राहिलेली नाही. नवरा याला खोड म्हणतो. सासूबाई काही म्हणत नाहीत, पण मी भाजी निवडायला बसले की त्या दुसरं काम शोधतात.

सगळ्या गाडीचं काम मला जमण्यासारखं होतं. अडचण एकाच जागेची होती, आणि ती बॉनेटवर होती.

दसऱ्याला सासरे गाडी स्वतः धुवायचे. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, समोर नारळ, हे सगळीकडे असतं तसंच. मग वाटीत कुंकू कालवून अनामिकेनं बॉनेटवर स्वस्तिक काढायचे, दर वर्षी त्याच जागी, मधल्या उंचवट्याच्या थोडं डावीकडे. वर बजावायचे, “पुसू नका कोनी. पावसाच्या पान्यानं जाईल तेव्हा जाईल.” आता दसरा येतो पाऊस सरता सरता. म्हणजे ते कुंकू पुढच्या जूनपर्यंत आमच्या पापडी गावच्या उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात तसंच बसून राहायचं. नव्या रंगावर ते टिकलं नसतं, पण रंग भुसभुशीत व्हायला लागला तसं ते आत मुरत गेलं. सासरे गेले त्या वर्षी वर्षश्राद्ध व्हायचं होतं, म्हणून दसरा केला नाही. आधीच्या दसऱ्याचं त्यांचं शेवटचं स्वस्तिक मात्र पुढचा पावसाळा अख्खा अंगावर घेऊनही फिकट गुलाबी उरलं होतं.

सासूबाई रोज सकाळी वाडीतली फुलं तोडून येताना त्या बॉनेटवर हात टेकवून क्षणभर उभ्या राहतात. गुडघ्यांसाठी, असं त्या सांगतात. ओट्याची पायरी दोन पावलांवर आहे आणि तिला कठडाही आहे, पण हे मी कधी बोलून दाखवलं नाही.

सामान आणायला स्टेशनजवळच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात गेले. दुकानदारानं काउंटरवर बाटल्यांची रांगच लावली. “मॅडम, सिरॅमिक कोटिंग करून टाका ना, मग टेन्शनच नाय. धूळपण नाय बसणार.” मी विचारलं, खालचा रंग मेलेला असेल तर वरून ते लावून काय होणार? तो म्हणाला, “चमकेल.” माणूस खोटं बोलत नव्हता, फक्त घाईत होता. शेवटी मी साधा कार शाम्पू, क्ले बार, बारीक दाण्याचं रबिंग कंपाउंड, पॉलिश आणि वॅक्स एवढंच घेतलं. जाड दाण्याचं कंपाउंड त्यानं दोनदा पुढे सरकवलं, मी दोनदा मागे सरकवलं. आधी सौम्य लावून बघायचं आणि भागलं नाही तरच पुढे जायचं, कारण घासून गेलेला रंग परत येत नाही. पॉलिशचं मशीनही याच कारणानं घेतलं नाही. जुन्या गाडीच्या कडांवर रंग पातळ असतो, आणि मशीनला कडा कळत नाहीत.

पहिल्या रविवारी नुसती धुतली. आमच्या बोअरचं पाणी खारट, वाळलं की पांढरे ठिपके सोडतं, म्हणून नळाचं पाणी भरून ठेवलं होतं. मग क्ले बार, म्हणजे मुलांच्या खेळातल्या मातीसारखा गोळा. पत्रा ओला करून त्यावर तो फिरवला की रुतून बसलेली घाण उचलून घेतो. हाताला खरखर लागत होती ती गेली. पण चमक नव्हतीच, ती कंपाउंडची पायरी.

मागच्या बंपरच्या वर, कोणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी आधी करून बघितलं. फडकं पांढरंफेक झालं. नवरा चहा घेऊन उभा होता, तो दचकला. “अगं, रंगच निघतोय की.”

“निघायलाच पाहिजे. वरचा थर मेलाय, तो गेल्याशिवाय खालचा दिसणार नाही.”

सासूबाई ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. मी जीभ चावली. त्यांनी वर बघितलं नाही.

त्यानंतरचे रविवार असेच गेले. रबराला आणि प्लास्टिकला टेप लावायची, ऊन चढायच्या आत सावलीत एक भाग घ्यायचा, कंपाउंड, पुसणं, पॉलिश, पुसणं. दारं झाली, टप झाला, डिकी झाली. खालून एक दुधट पांढरा रंग वर यायला लागला, आणि खांदे दुखत असूनही मला मनापासून आनंद व्हायचा. बॉनेट मी पुढे ढकलत होते. नवऱ्यानं तोडगा सुचवला की स्वस्तिकाभोवती टेप लाव आणि बाकीचं घास. मी ते डोळ्यांसमोर आणून बघितलं. चकचकीत बॉनेटच्या मधोमध एक मळकट चौकोन. माल असता तर मी परत पाठवला असता. पण ते त्यांच्या बोटाचं शेवटचं काम होतं, आणि ते पुसण्याचा अधिकार मला नव्हता. सासूबाईंना विचारलं, तर त्यांनी वालाच्या शेंगा दुसऱ्या सुपात घेतल्या.

शेवटी टेपच लावली. चारही बाजूंनी, नीट, काटकोनात. कंपाउंड फडक्यावर घेतलं तेवढ्यात सासूबाई फुलांची परडी घेऊन आल्या. परडी टपावर ठेवली, नखानं टेपचं टोक उचललं आणि सगळी टेप सोलून काढली.

“घास,” म्हणाल्या.

“आई, नक्की? मग ते परत नाही येणार.”

“म्हायती हाय मला. तसंपन वाकडंच काढायचे ते. किती वेळा सांगितलं, सरळ काढा म्हनून.” टेपचा बोळा करत म्हणाल्या, “गाडी चांगली दिसू दे. त्यांना आवडायची.”

मी घासलं. आधी फडक्यावर पांढरं आलं, मग गुलाबी, मग पुन्हा पांढरं. त्या सगळा वेळ उभ्या होत्या. मला रडू येत होतं, आणि घासताना हात थांबवला तर पट्टे उठतात म्हणून मी थांबले नाही. वॅक्स लावून झाल्यावर बॉनेटमध्ये वरच्या चिकूच्या झाडाची पानं दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं घेऊन येताना सासूबाई गाडीवरून सरळ पुढे आल्या, हात टेकवला नाही. त्यांचे गुडघे एका रात्रीत बरे झाले नव्हते.

पावसाळ्यात गाडी छान राहिली. पाण्याचे थेंब वॅक्सवरून गोळ्या होऊन घरंगळायचे आणि नवरा शेजाऱ्यांना बोलावून ते दाखवायचा.

दसऱ्याला पूजेचं ताट मी घेतलं, कुंकू कालवून वाटी नवऱ्याकडे दिली. सासूबाई दारात, उंबऱ्याच्या आत. सासरे गेल्यापासून त्या हळदीकुंकवाला हात लावत नाहीत. घरी सवाष्ण आली की आपणहून आतल्या खोलीत जातात. कोणी सांगितलेलं नाही, कोणी अडवलेलंही नाही. मी एकदा यावरून वाद घातला होता, तेव्हा “असू दे” एवढंच म्हणाल्या. मला त्याचा राग येतो, अजूनही येतो.

नवरा बोट बुडवून उभा राहिला आणि तसाच राहिला. “आधी कुठली रेघ काढायचे गं ते?” मला आठवेना. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो, तोवर सासूबाई उंबरा ओलांडून आल्या. त्यांनी त्याच्या हातातली वाटी घेतली. “उभी,” म्हणाल्या, अनामिका कुंकवात बुडवली आणि बॉनेटवर टेकवून खाली ओढली.

रेघ उमटलीच नाही. कुंकू वॅक्सवर थांबेना. थेंब थेंब होऊन घसरलं आणि बंपरवरून खाली गेलं. त्यांनी पुन्हा ओढली, पुन्हा तेच झालं. त्यांनी बोट पदराआड घेतलं. तोंड उतरलं होतं. “जाऊ दे,” म्हणाल्या. “नाय घेत ती माझ्या हातचं.”

“तसं नाहीये आई,” मी म्हटलं. “ते वॅक्समुळे होतंय. कोणाच्याच हातचं घेणार नाही ती.”

मी आत पळाले. भांडी घासायचा साबण आणि फडकं घेऊन आले, आणि जे वॅक्स मी इतक्या निगुतीनं चढवलं होतं ते मधल्या उंचवट्याच्या डावीकडे, तळहाताएवढ्या जागेवरून साफ धुऊन काढलं. पाणी टिपलं. त्यांनी पदराआडचं बोट बाहेर काढून पुन्हा वाटीत बुडवलं.

स्वस्तिक वाकडं आलं. डावीकडे झुकलेलं, सासरे काढायचे तसंच. नवऱ्यानं नारळ फोडला.

दर दोन-तीन महिन्यांनी वॅक्स पुन्हा लावावं लागतं, बाटलीवर तसं लिहिलेलं आहे. मी लावते, तेवढी जागा सोडून. तिथला रंग हळूहळू पुन्हा खडूसारखा होणार आणि कुंकू पुन्हा आत मुरणार, हे मला कळतं. परवा वॅक्स लावताना फडकं सवयीनं थोडं डावीकडे गेलं, तर ओट्यावरून आवाज आला.

“पुसू नको गं. पावसाच्या पान्यानं जाईल तेव्हा जाईल.”